खाचेतली धूळ

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. जुनं घर उतरवताना माळ्यावर त्यांच्या वडिलांच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, दीड-दोनशे तरी. भंगारवाला किलोवर मागत होता आणि मुलं म्हणत होती, सगळं मोबाइलवर मिळतं. "देऊन टाकू का साहेब?" (सिव्हिलमधल्या वाचकांसाठी: फौजेत जेसीओ अधिकाऱ्याला साहेब म्हणतो आणि अधिकारीही जेसीओला साहेबच म्हणतो. त्यामुळे आमचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कोणाचा साहेब ते कळत नाही.) मी म्हटलं, "महिनाभर थांबा साहेब. पाणी लावू नका, स्पिरिट तर अजिबात लावू नका. लिहून पाठवतो."

तेच हे लिहिणं. लांबलं आहे, कारण सध्या माझी पोस्टिंग एनसीसीत, तंजावरला आहे. जुन्या वस्तू जपायच्या कशा, हे तंजावरात बसून दोन ओळींत सांगणं जमत नाही.

तंजावर मराठी माणसाला दोन कारणांनी माहीत असतं, एक व्यंकोजीराजे आणि दुसरं सांबार. सांबाराची गोष्ट खरी की खोटी हे भांडण आज नको. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतकोरात इथे स्थिरावले आणि भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत राहिली. त्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहानं राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हाती उरला किल्ला, भोवतालची थोडी जागा आणि महसुलातला वाटा. माझ्यासारख्याला हे वाचताना आधी वाईटच वाटतं, कारण राजा आहे आणि फौज नाही. पण उरलेल्या पैशांत आणि वेळात या माणसानं जे केलं, ते पाहिल्यावर वाईट वाटणं मागे पडतं.

राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्याचा पाया नायक राजांच्या काळातला, पण आज जे दिसतं ते बरंचसं सरफोजींचं. १८२० नंतर ते काशीयात्रेला गेले, तिथूनही ग्रंथ आले. पंडित नेमले, नकलनवीस नेमले, युरोपातून छापील पुस्तकं मागवली. संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांशेजारी तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत आणि मोडी कागदांचे शेकडो रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, फडक्यात बांधलेलं दफ्तराचं गाठोडं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही हाच शब्द आहे.

आता ताडपत्राकडे या, कारण रेकॉर्डीचा धागा तिथे आहे.

ताडपत्रावर शाईनं लिहीत नसत, निदान दक्षिणेत तरी. ताडाचं पान उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत करायचं. मग लोखंडी लेखणीच्या टोकानं अक्षर कोरायचं. कोरलेलं अक्षर तसं दिसत नाही, पानाच्या रंगाची नुसती खाच असते. मग तेलात कालवलेली काजळी पानावर चोळायची आणि फडक्यानं पुसून घ्यायची. वरची पुसली जाते, खाचेतली राहते, आणि अक्षर काळंभोर उमटतं. म्हणजे पोथीतलं लिखाण हे पृष्ठभागावर नाहीच, ते पृष्ठभागाच्या खाली आहे.

ग्रामोफोनची रेकॉर्डही तशीच. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. पुढे स्थिरावलेल्या पद्धतीत गायकाच्या आवाजानं थरथरणारी सुई मेणाच्या जाड वडीवर एक लांब नागमोडी खाच कोरत जाई. त्या वडीवरून धातूचा साचा आणि साच्यावरून तबकड्या. आणि तबकडी काळी का असते? तिच्यात काजळी घालतात म्हणून. लाखेच्या रेकॉर्डीत होती, नंतरच्या पीव्हीसीच्या रेकॉर्डीतही आहे. मला हे समजलं तेव्हा आधी नकलनवीसच आठवले.

खाचेची लांबीही सांगून ठेवतो, म्हणजे आपण काय पुसतोय याचा अंदाज येईल. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डीची एक बाजू तीन मिनिटांची. तिच्यावरची खाच सरळ केली तर सव्वाशे मीटर भरेल. एलपीच्या एका बाजूची खाच जवळपास अर्धा किलोमीटर आणि रुंदी माणसाच्या केसाएवढी. या अर्ध्या किलोमीटरच्या गल्लीत जो कचरा पडतो तो सुईला दगडासारखा लागतो. आपल्याला ऐकू येते ती करकर.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला, गौहर जान यांचा आवाज मेणावर घेतला, ते साचे जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला गेले आणि तिथे छापलेल्या तबकड्या परत इथे विकायला आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदाह इथे कारखाना निघाला, तेव्हा ही वारी थांबली. यातली गंमत अशी की तबकडीतली लाख मुळात आपलीच. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख हॅनोव्हरला जायची आणि गौहर जान यांचा आवाज घेऊन परत यायची.

ही लाख तबकडीत चिकटवणीचं काम करते. बाकीचा मोठा भाग दगडाची बारीक भुकटी, थोडे कापसाचे तंतू आणि काजळी. दगडाची भुकटी मुद्दाम, कारण पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणून जुन्या फोनोला प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची असते. पिनांच्या त्या छोट्या पत्र्याच्या डब्या अनेकांच्या घरी बटणं ठेवायला उरल्या असतील. एकच पिन दहा गाण्यांना वापरणारे काटकसरी लोक होते. त्यांच्या रेकॉर्डी आज पांढुरक्या दिसतात, आणि ते पांढुरकेपण पुसून जात नाही, कारण ती धूळ नाही, खाचेची भिंतच झिजली आहे. पुसायला बसण्याआधी तबकडी तिरक्या उजेडात धरून एवढं पाहून घ्यावं.

पीव्हीसीची एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या साठीचं दशक सरेपर्यंत निघत होत्या, म्हणून आपल्या माळ्यांवर दोन्ही जातीच्या रेकॉर्डी एकत्र सापडतात. त्या आधी वेगळ्या करायच्या. लाखेची जड असते, जाड असते, वाकत नाही, नखानं टिचकी मारली तर कौलासारखी वाजते. पडली तर फुटते. पीव्हीसीची हलकी आणि किंचित लवचीक. लेबलवर ७८ की साडेतेहतीस ते लिहिलेलं असतंच.

हे वेगळं करणं का महत्त्वाचं? तर स्पिरिटमुळे. सुताराकडे फ्रेंच पॉलिश होताना पाहिलं असेल. तो चपडा घेतो आणि स्पिरिटमध्ये टाकून रात्रभर ठेवतो. सकाळी चपडा विरघळलेला असतो. चपडा म्हणजे लाखच. आता त्याच स्पिरिटचा बोळा लाखेच्या रेकॉर्डीवर फिरवला तर काय होईल ते सांगायला नको. खाच विरघळते, गाणं जातं. कोलन वॉटर, सॅनिटायझर, काच पुसायचे फवारे, सगळ्यांत अल्कोहोल असू शकतं. कॅन्टीनची रमही नको, विनोदानंही नको.

मग साफ करायचं कसं? पिढ्यान् पिढ्या रायफलीची नळी साफ केलेल्या माणसांना हे शिकवायला फार लागत नाही. पुल-थ्रू आणि चिंधी घेऊन बसणारा रिक्रूट पहिल्या आठवड्यात शिकतो की आधी कोरडी चिंधी, मग ओली, मग परत कोरडी, आणि घासायचं ते खाचेच्या दिशेनं. रेकॉर्डीलाही हाच क्रम. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशनं काढायची. एलपीसाठी कार्बनच्या तंतूंचा ब्रश मिळतो तो उत्तम, कारण कोरडं घासलं की पीव्हीसीवर स्थिर वीज चढते आणि ती आसपासची धूळ ओढून घेते. ब्रश गोल फिरवायचा, खाचेबरोबर. मधल्या लेबलकडून काठाकडे आडवा ओढला की धूळ खाचेच्या भिंतीवर आपटते.

मग ओलं. नळाचं पाणी नको. तंजावरात काय नि साताऱ्यात काय, बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि पाणी वाळल्यावर ते खाचेत बसतात. गाडीच्या बॅटरीत भरायचं पाणी (ॲसिड नव्हे, पाणी) दुकानात डब्यातून मिळतं, ते चालतं. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या सौम्य, बिनवासाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब, जास्त नाही. मायक्रोफायबरचं स्वच्छ फडकं त्यात बुडवून पिळायचं आणि गोल फिरवायचं. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग दुसऱ्या फडक्यानं नुसत्या पाण्याचा हात, आणि तिसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपणं. एलपीला हे मोकळ्या हातानं करता येतं. लाखेच्या रेकॉर्डीला फडकं नुसतं दमट हवं आणि काम झटपट आटोपायचं, कारण आतले कापसाचे तंतू पाणी पितात. बादलीत भिजत घालणारे महाभाग असतात, त्यांच्याकडे चांगल्या वस्तू देऊ नयेत.

उन्हात वाळवायचं नाही. पीव्हीसी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हात ठेवलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. पंख्याखाली, ताटं वाळवायच्या जाळीत उभी ठेवली की अर्ध्या तासात सुकते. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर हे सगळं अंगणात करा, तोंडाला फडकं बांधा, आणि त्या रेकॉर्डीचं जुनं कागदी पाकीट परत वापरू नका.

सरस्वती महालात पोथ्यांच्या कीडप्रतिबंधासाठी एक जुनं औषध वापरतात. वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड आणि कापूर छोट्या पुरचुंडीत बांधून पोथ्यांमध्ये ठेवायचा. ताडपत्र कोरडं पडून तडकू लागलं की त्याला गवती चहाच्या जातीच्या तेलाचा हात देतात, अक्षर फिकट झालं तर पुन्हा काजळी. वेखंडाचा वास आला की मला तर बाळंतिणीची खोली आठवते, पण कीड दूर राहते हे खरं. इथला ऐप्पसी महिन्याचा पाऊस (आपल्या दिवाळीच्या आगेमागे) आणि कावेरीच्या खोऱ्यातली दमट हवा सोसून त्या पोथ्या टिकल्यात.

पण हे औषध रेकॉर्डीला लावायला जाऊ नका. तेल खाचेत बसतं आणि धूळ धरून ठेवतं. कापूर काय, डांबरगोळ्या काय, त्यांच्या वाफा प्लॅस्टिकला मानवत नाहीत. एका वस्तूला तारणारी गोष्ट दुसरीला मारते. मेसमधल्या चांदीच्या ट्रॉफ्या ब्रासोनं घासणाऱ्या नव्या ऑर्डर्लीला हे एकदा समजावून सांगावं लागतं, आणि चांगल्या मेस हवालदाराला कधीच लागत नाही.

ठेवण्याबद्दल. रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात किंवा तडकतात. तिरक्या टेकवल्या की वर्षभरात वक्र होतात. कप्प्यात इतक्या कोंबायच्या नाहीत की काढताना ओढाव्या लागतील. शंभर एलपी पाकिटांसह वीस-पंचवीस किलो भरतात, लाखेच्या त्याहून जड, तेव्हा फळी जाड हवी. कप्पा बाहेरच्या भिंतीला टेकून नको, जमिनीपासून वीतभर वर, वाळवी पोचणार नाही असा. माळा ही महाराष्ट्रातल्या घरातली सगळ्यांत वाईट जागा आहे, कारण उन्हाळ्यात वरचा पत्रा किंवा स्लॅब तापतो आणि पावसाळ्यात तिथेच ओल येते. आतलं पाकीट साध्या पॉलिथिनचं किंवा आम्लरहित कागदाचं. पीव्हीसीची जाड, गुळगुळीत, नवी असताना वास येणारी पाकिटं टाळावीत, ती वर्षांनी तबकडीवर धुरकट डाग पाडतात. मूळ कव्हर फेकायचं नाही. त्याच्यावरची छपाई, दुकानाचा शिक्का, कोणी कधी विकत घेतली त्याची शाईतली नोंद, हेही दफ्तरच आहे.

आणि एलपी चुकूनही चावीच्या फोनोवर लावायची नाही. त्याच्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमवर असतं, एलपीला दोन ग्रॅमच्या आसपासचा भार पुरतो. एका वाजवण्यात काम तमाम.

हे सगळं करून मिळतं काय? एकच उदाहरण देतो, तंजावरचंच.

इथून तेरा-चौदा किलोमीटरवर तिरुवय्यारु. त्यागराज तिथे राहिले, तिथेच १८४७ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या कर्तेपणाचा बराच काळ सरफोजींच्या कारकिर्दीतला. राजानं दरबारात बोलावलं आणि त्यांनी नकार दिला, ही गोष्ट इथला रिक्षावालाही सांगतो. समाधीचं आजचं मंदिर उभं केलं बंगळूर नागरत्नम्मा यांनी, १९२० च्या दशकात, स्वतःच्या कमाईतून. त्या स्वतः ग्रामोफोनच्या जमान्यातल्या गायिका होत्या, त्यांच्याही तबकड्या आहेत.

आता मिरजेला चला. अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे कैराण्याचे, पण राहिले, शिकवलं आणि शेवटी विसावले ते मिरजेत. म्हैसूर दरबारामुळे त्यांचा दक्षिणेशी संबंध आला, त्यांच्या सरगमेत कर्नाटक संगीताचा संस्कार दिसतो असं जाणकार सांगतात. त्यांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती तबकडीवर गाऊन ठेवली आहे. तेलुगू शब्द, तमिळ देशात मराठी राजाच्या कारकिर्दीतल्या संताचे, आणि गळा किराण्याचा. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर खाँसाहेब गेले. दफन मिरजेत, दर्ग्याच्या आवारात. शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या त्यांच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या पुढे एलपीवर, कॅसेटवर आणि सीडीवर आल्या, म्हणून आज आपण त्या मोबाइलवर ऐकतो. पण एलपीवर चढवताना कुठून घेतल्या? कोणाच्या तरी कपाटात नीट उभ्या ठेवलेल्या लाखेच्या तबकड्यांवरून, किंवा कंपनीनं जपलेल्या साच्यांवरून. मोबाइलवर सगळं मिळतं हे मुलांचं म्हणणं तेवढ्यापुरतंच खरं आहे, जेवढं कोणी तरी आधी जपलं.

इथे पोथीवाल्यांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ताडपत्र कितीही जपलं तरी दोन-तीनशे वर्षांत थकतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून नक्कल करणं हा जपणुकीचाच भाग होता. सरफोजींच्या पदरी नकलनवीस होते ते हौसेसाठी नव्हे. रेकॉर्डीलाही हे लागू. साफ केल्यावर चांगल्या सुईनं एकदा वाजवायची आणि संगणकावर नक्कल घ्यायची, मग मूळ तबकडी विश्रांतीला. ७८ साठी रुंद टोकाची सुई लागते, एलपीची सुई तिच्या खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

नकलेत एक मेख आहे. '७८' हा आकडा पुढे ठरला, जुन्या कितीतरी तबकड्या ७५-७६ फेऱ्यांवरही कोरलेल्या आहेत. साधारण साडेचार फेऱ्या इकडे-तिकडे झाल्या की अख्खी एक पट्टी सरकते, काळी एकची पांढरी दोन होते. नकलनवीस एक अक्षर चुकला तर वाचणाऱ्याला संशय येतो. वेग चुकलेला गायक मात्र खणखणीत गातच राहतो, फक्त तो गायक तसा नव्हता. तेव्हा नकलेच्या फाइलला वेग, सुई, तारीख आणि तबकडीवरचा क्रमांक लिहून ठेवा. लेबलवरचा आणि लेबलबाहेर काळ्या भागात कोरलेला, दोन्ही.

आता पुन्हा सरस्वती महालात, कारण माझ्या मते खरी गोष्ट काजळी आणि वेखंडाच्या पलीकडची आहे.

१८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. नुसतं राज्य नाही, राजवाडा आणि खासगी चीजवस्तूही. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या कोर्टात निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. ही सरकारची राजकीय कृती आहे, तिच्यावर कोर्टाची हुकमत चालत नाही असं म्हणाले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अजून शिकवतात. पुढे १८६२ मध्ये सरकारनं खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. त्या सात वर्षांत ग्रंथालयाचं काहीही होऊ शकलं असतं. दागिन्यांना, हत्यारांना गिऱ्हाईक असतं. ताडपत्रांच्या गाठोड्यांना गिऱ्हाईक वाळवी.

ती टिकली, कारण तिथे माणसं होती. मग ए. सी. बर्नेल नावाच्या न्यायाधीशानं १८७० च्या दशकात कामाचा वेळ सांभाळून संस्कृत पोथ्यांची यादी केली आणि ती १८८० पर्यंत छापून झाली. यादी झाल्यावर वस्तू गायब होणं अवघड होतं, हे कोणत्याही क्वार्टरमास्टरला विचारा. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झालं. ते दिवस आणि आज, यांमध्ये रोज कोणीतरी कुलूप उघडलं, झाडलं, गाठोडं सोडलं, पाहिलं, परत बांधलं. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांना पोथ्यांचं प्रेम होतं की नाही, मला माहीत नाही आणि फरकही पडत नाही. त्यांची ती ड्यूटी होती.

रेकॉर्डींचं तसं झालं नाही. त्या प्रेमानं विकत घेतल्या गेल्या, लग्नात वाजल्या, आणि फोनो बिघडला त्या दिवसापासून त्यांच्यावर कोणाचीच ड्यूटी उरली नाही. हौशी लोकांनी मात्र मोठं काम केलं. मुंबईत १९९० मध्ये जुन्या रेकॉर्डींच्या संग्राहकांची संस्था निघाली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचं चिटणीसपद वर्षानुवर्षं सांभाळलं, मराठीतही या विषयावर भरपूर लिहिलं. कोणत्या कंपनीनं कोणत्या क्रमांकाची कोणाची तबकडी काढली याच्या याद्या या मंडळींनी केल्या. पुन्हा याद्याच.

म्हणून माळ्यावरच्या गठ्ठ्याचं पहिलं काम पुसणं नव्हे, यादी. साधी वही घ्या. कंपनी, क्रमांक, कलाकार, दोन्ही बाजूंची गाणी, अवस्था. यादी झाली की काय विकायचं ते आपोआप दिसतं. लाखांनी खपलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या झिजलेल्या तबकड्या खुशाल द्या, पण किलोवर नको, संग्राहकाला द्या. थांबायचं ते इतरांपाशी. नाट्यपदं, लावण्या, पोवाडे, कीर्तनं, विनोदी संवाद, मुंबईच्या 'यंग इंडिया'सारख्या बंद पडलेल्या कंपन्यांचं लेबल. बंद पडलेल्या कंपनीचे साचे कुठे असतील याचा भरवसा नसतो, आणि मग तुमच्या हातातली तबकडी ही केवळ एक प्रत राहत नाही. फुटलेली असली तरी टाकू नका. तुकडे एका सपाट पाकिटात ठेवा. तुकडे जुळवून निदान नक्कल उतरवून घेणारे लोक आहेत.

इकडे मोडीच्या रुमालांचं निराळंच दुखणं. कागद धड आहेत, वाचणारे कमी. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं मोडी कागदांवर काम केलं, तमिळ अभ्यासकांनी मोडी शिकून केलं. आपल्याकडचे किती जण इथे येऊन बसले? सुट्टीत रामेश्वरला जाणाऱ्या मराठी बसेस इथे तासभर थांबतात, मोठं देऊळ होतं, रुमाल राहतात. खाच शाबूत आणि सुई नाही, असं काहीसं ते आहे.

शेवटी नेआण, कारण बदलीवर असलेल्यांनी हेच आधी विचारलेलं असतं. काळी ट्रंक चालते, पण रेकॉर्डी तिच्यात उभ्याच हव्यात, आणि पूर्ण भरायची नाही, एका माणसाला उचलता येईल एवढीच. तळाला आणि चारी बाजूंना घडी घातलेली कांबळी. लाखेच्या दर पाच-सहा तबकड्यांमागे पुठ्ठ्याचा एक तुकडा. मोकळी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी इतकी गच्च करायची की ट्रंक हलवली तर आतून आवाज येता कामा नये. झाकणावर आतून यादीची एक प्रत चिकटवा, दुसरी खिशात. ट्रकमध्ये इंजिनापासून लांब, आणि रेल्वेनं पाठवणार असाल तर मे महिना सोडून.